फळ्यावर अडकलेल्या बाई : सातवीच्या लेखनाच्या नोंदी

कोल्हापुरातली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता सातवी, पटावर ३८. मराठीचे आठवड्याला सहा तास, एकेक ३५ मिनिटांचा. त्यातले सोमवार आणि गुरुवारचे दोन लेखनासाठी काढले. करायचं एवढंच ठरवलं होतं की निबंध ‘द्यायचा’ नाही. मुलांसमोर उभं राहून आपण स्वतः लिहायचं, लिहिताना डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं, आणि मग खडू खाली ठेवून त्यांना लिहू द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पुढं कुणी हे करणार असेल तर माझे वाया गेले तेवढे तास तरी त्यांचे वाचावेत, म्हणून या नोंदी.

२४ जून, सोमवार

आधी आहे ते बघितलं. विषय जुनाच, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. पूर्ण तास दिला, काही सांगितलं नाही. रात्री वह्या घेऊन बसले. ३८ पैकी २७ निबंधांत धरणीमातेनं हिरवा शालू नेसलाय. १९ ठिकाणी मोर नाचतोय. आमच्या एकाही मुलाच्या दारात मोर येत नाही. येतं ते पंचगंगेचं पाणी. वर्गात कुंभार गल्लीतला एक मुलगा आहे. २०२१ च्या पुरात त्यांचं घर पाण्यात होतं आणि सगळं कुटुंब मामाकडं राहिलं होतं. त्याच्याही वहीत शालू, मोर आणि शेवटी ‘असा हा पावसाळा मला खूप आवडतो’.

पोरांना काय बोलणार? बारा वर्षं मीच फळ्यावर मुद्दे लिहून देत आलेय: प्रस्तावना, पावसाचे आगमन, निसर्गवर्णन, फायदे-तोटे, समारोप. शालू माझ्याच दुकानातला.

२६ जून, बुधवार

शाहू जयंती, तास नाहीत. भाषणं झाली, सात मुलांची जवळजवळ एकच. ‘१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले’ हे वाक्य सातही वेळा आलं आणि सातही वेळा मुलं चुळबुळत होती. आठव्या मुलीनं मध्येच सांगितलं की पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. सगळ्या माना वर. मागून एकजण हळूच म्हणाला, “तवाचा एक रुपया म्हंजे लई झाला.” हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं वर्गात या एक रुपयाची आठवण मी पंचवीस वेळा तरी काढलीय. “यात तुझा एक रुपया कुठाय?” असं विचारलं की आता मुलांना कळतं.

१ जुलै, सोमवार

पहिला प्रयत्न. सपशेल फसला.

घरी रविवारी बसून ‘आमच्या गल्लीतला पाऊस’ असा निबंध छान लिहून काढला. त्यात चार चुका मुद्दाम पेरल्या, म्हणजे फळ्यावर त्या ‘सापडतील’ आणि मी त्या खोडेन. कागद पुस्तकात ठेवला. वर्गात “हं… आता काय बरं लिहावं?” असं नाटक करत लिहू लागले. तिसऱ्याच ओळीला पहिल्या बाकावरून आवाज आला, “बाई, पुस्तकात बघून लिहिताय की!”

त्याहून वाईट पुढं. तास संपल्यावर वह्या बघितल्या तर सगळ्यांनी फळा जसाच्या तसा उतरवून घेतलेला. खोडलेल्या ओळींसकट. दोघींनी तर माझी खाडाखोडसुद्धा पट्टी लावून सरळ रेघेत मारलेली. मुलांच्या दृष्टीनं फळ्यावरचं म्हणजे वहीत घ्यायचं, संपला विषय.

दोन गोष्टी शिकले. एक, तयार मजकूर घेऊन विचार करण्याचं सोंग वठत नाही, मुलं ते ओळखतात. दोन, मी लिहीत असताना मुलांच्या वह्या मिटलेल्या आणि पेनं बाकावर आडवी हवीत.

४ जुलै, गुरुवार

आज कागद नाही. विषयही वर्गात शिरताना ठरवला: काल संध्याकाळी रंकाळा तलावावर माझी छत्री उलटी झाली ते. फळ्यावर काय काय झालं ते क्रमानं लिहिते.

पहिली ओळ: ‘काल खूप पाऊस होता.’ वाचली. मोठ्यानं म्हणाले, “जुलैत कोल्हापुरात पाऊस होता, यात काय सांगितलं मी?” खोडली.

दुसरी: ‘काल माझी फजिती झाली.’ “फजिती झाली हे मीच सांगून टाकलं तर वाचणारा हसणार कशाला?” खोडली.

तिसरी: ‘छत्री उलटी झाली तेव्हा माझ्या एका हातात भाजीची पिशवी होती.’ ही ठेवली.

आणि इथं मी खरोखर अडकले. पिशवी सोडून छत्री धरावी की छत्री सोडून पिशवी, हा तेव्हाचा घोळ शब्दांत येईना. खडू हातात, पाठ फळ्याला, ३८ जण माझ्याकडं बघतायत. मिनिटभर गेलं असेल, मला तासासारखं वाटलं. शेवटी मागच्या बाकावरचा एक, जो एरवी वही उघडत नाही, तो म्हणाला, “बाई, तुम्हालाबी सुचंना व्हय?”

“नाही सुचत रे.”

“मग आता काय करनार?”

हाच प्रश्न मला हवा होता, पण त्याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. म्हणाले, आधी जे लिहिलंय ते परत वाचते. वाचलं. मग म्हणाले, तिथं कुणी बघत होतं का? होता, कणसं भाजणारा माणूस. मग चौथी ओळ आली: ‘कणीसवाला पंखा हलवायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.’ वर्ग हसला. पाचवी: ‘मी पिशवी सोडली.’ सहावी: ‘टोमॅटो कठड्याच्या दिशेनं निघाले.’

३५ मिनिटांत सहा ओळी, त्यातल्या चारच टिकल्या. मुलांना लिहायला वेळच उरला नाही. तरीही आतापर्यंतचा सगळ्यात चांगला तास. पण माझं लिहिणं दहा मिनिटांच्या पुढं जाता कामा नये. पंधरा मिनिटांनंतर मागचे तीन बाक गप्पांना लागले होते.

८ जुलै, सोमवार

घड्याळ लावून दहा मिनिटं मी, वीस मिनिटं मुलं. निकाल: ३१ छत्र्या उलट्या झाल्या. काहींच्या रंकाळ्यावर, काहींच्या महाद्वार रोडवर, एकाची जोतिबाच्या डोंगरावर. टोमॅटोच्या जागी कांदे, बटाटे.

आता नियम केले. लिहून झालं की फळा पुसायचा. माझा विषय त्या दिवशी मुलांना बंद. आणि लिहिण्याआधी शेजाऱ्याला दोन मिनिटं तोंडी सांगायचं. शेजाऱ्यानं ऐकायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. याचा गोंगाट इतका झाला की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. त्यांना म्हटलं, सर, लेखनाचा तास आहे. ते काही बोलले नाहीत. पण गेलेही नाहीत लगेच.

११ जुलै, गुरुवार

फळ्याची अडचण अशी की लिहिताना पाठ वर्गाकडं होते आणि आपलं बोलणं फळाच ऐकतो. म्हणून मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून त्याखाली वहीत लिहायचं आणि वर्गातल्या टीव्हीवर दाखवायचं असं केलं. केबल ४५० रुपये, पदरचे. पहिली दहा मिनिटं जोडण्यात गेली, मग माझ्या हाताची सावली पडत होती, मग पाऊस वाढला आणि लाइट गेली. एक तास आणि ४५० रुपये पाण्यात. केबल कुणाला हवी असेल तर सांगा.

परत फळ्यावर आले. उपाय साधा निघाला: लिहिताना बोलायचं नाही. एक ओळ लिहायची, बाजूला सरकायचं, वर्गाकडं तोंड करून तिच्याबद्दल बोलायचं, मग पुढची.

१८ जुलै, गुरुवार

परवाच्या मंगळवारी निम्मा वर्ग टेंबलाई देवीच्या यात्रेला गेला होता. नदीला नवं पाणी आलं की आषाढात ते कलशातनं टेंबलाईला वाहतात, पुढं ‘पी ढबाक’ ही वाद्यं वाजत असतात. विषय आयता मिळाला. आज सांगायचं मुलांनी आणि लिहिणारी मी, असं केलं. म्हणजे हात माझा, डोकं त्यांचं.

एका मुलीनं सुरुवात केली: “आमी पाणी आणाय नदीला गेल्तो.” मी फळ्यावर लिहिलं, ‘आम्ही पाणी आणायला नदीवर गेलो होतो.’ सवयीनं. ती फळ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “असं मी म्हटलंच न्हाई.” त्यानंतर दोन मिनिटं कुणी हात वर केला नाही. केला तोही पुस्तकी वाक्य घेऊन: ‘वातावरण भक्तिमय झाले होते.’

माझी आजवरची सगळ्यात महागाची चूक हीच असावी, आणि ती मी रोज करत असणार. पुसलं. तिचं वाक्य तिच्या शब्दांत लिहिलं. मग ओघ सुरू झाला. ‘आज्जीच्या डोक्यावरचा कलश हलतोय म्हणून मी मागनं हात लावून चालल्तो.’ ‘पी ढबाकवाला गाल फुगवून फुगवून लाल झालता.’ असलं वाक्य मला स्वतःला सुचलं नसतं.

पण परीक्षेत ‘झालता’ चालत नाही, हेही खरं. बराच विचार करून सध्या असं ठरवलंय: पहिल्या खर्ड्यात जसं बोलतो तसं. शेवटच्या फेरीत आपण मिळून ठरवायचं की कुणाच्या तोंडचं बोलणं आहे ते अवतरणात तसंच ठेवायचं आणि बाकीचं छापील मराठीत आणायचं. ‘लाल झालता’चं ‘लाल झाला होता’ केलं, फुगवून फुगवून राहिलं. माझं मन पूर्ण मानत नाही, पण आत्ता याहून बरं काही माझ्याकडं नाही.

२९ जुलै, सोमवार

गेल्या आठवड्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं आणि शाळांना सुट्टी लागली. ४३ ची धोका पातळी जवळ आली तशी कुंभार गल्लीतल्या मुलांची कामं वाढली. आज पटावर ३८, हजर २६. जे होते त्यांना लिहू दिलं, शिकवलं काही नाही. सुट्टीमुळं लेखनाचा एक तास बुडाला.

५ ऑगस्ट, सोमवार

“आता हे सुधारा” म्हटलं. वर्गानं नवीन पान काढलं, समास आखला, आणि तेच्या तेच सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिलं. सुधारणं म्हणजे अक्षर काढणं, हा समज इतका पक्का आहे की एकानं कच्च्यातली चूकसुद्धा वळणदार अक्षरात उतरवली होती.

म्हणजे सुधारणं हेही करून दाखवायला लागणार. माझी छत्री परत काढली, यावेळी कार्डशीटवर मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये जागा सोडून. वर्गासमोर टोमॅटोचं वाक्य शेवटून उचलून सुरुवातीला नेलं, बरं वाटेना, परत आणलं. ‘मी पिशवी सोडली’ च्या आधी एक वाक्य घातलं. एक आवडतं वाक्य काढून टाकलं, तेव्हा दोघंतिघं ओरडले, “बाई, ते चांगलं हाय, ऱ्हाऊ दे.” त्यांच्याशी वाद घातला आणि हरले. वाक्य राहिलं.

मुलांना एक ओळ सोडून लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा निरोप: वही निम्मी कोरी का सोडताय? बरोबर आहे त्यांचं, वह्या फुकट मिळत नाहीत. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडं पाठकोरे कागद मागितले, त्यांनी गठ्ठाच दिला. तेव्हापासून खर्डा पाठकोऱ्यावर, फक्त शेवटचं वहीत. एक फायदा न ठरवता झाला. वहीत खोडायला मुलं घाबरतात, पाठकोऱ्यावर बिनधास्त खोडतात.

८ ऑगस्ट, गुरुवार

वाक्यं कापून पट्ट्या करायच्या, बाकावर मांडून क्रम बदलायचा, मग चिकटवायच्या. कात्र्या १० (घरून आणलेल्या), डिंकाच्या बाटल्या ५, शंभर रुपये. सगळं मांडून झालं आणि कुणीतरी पंखा लावला.

३८ निबंध वर्गभर. एकाची आज्जी दुसऱ्याच्या क्रिकेटच्या सामन्यात गेली. पट्ट्यांच्या मागं आकडे घालायला सांगायचं सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी आधी पंखा बंद, मग कात्री.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मधले दोन तास पंधरा ऑगस्टच्या तालमीत आणि कार्यक्रमात गेले.

कुंभार गल्लीतला मुलगा महिनाभर एक दिवस येतो, दोन दिवस नाही. गणपती तोंडावर आलेत, घरी मूर्तींच्या कामाला हात हवेत. आज आला. जुलैत त्यानं लिहिलेला खर्डा माझ्याकडं होता:

‘पूर आला. खूप पाणी आले. आमची खूप धावपळ झाली. निसर्गापुढे माणूस हतबल असतो.’

मधल्या सुट्टीत त्याला शेजारी बसवलं आणि फक्त विचारत गेले. पाणी येतंय कळल्यावर पहिल्यांदा काय उचललं? कुणी ठरवलं? कुठं ठेवलं? तो असा बोलायला लागला की मला डब्याचा घास थांबवावा लागला. मग म्हटलं, हेच लिही, हतबलचं बघू नंतर. त्यानं लिहिलं ते असं (ऱ्हस्व-दीर्घ मी नीट केलेत, बाकी त्याचं):

‘बाबा म्हणाले आधी रंगवलेल्या उचला. कच्च्या मूर्ती दोघांनी धरायच्या असतात नाहीतर सोंड हातात येते. मी आणि दादा धरत होतो. माझ्याकडून एकीचा कान गेला. बाबा काय बोलले नाहीत. वरच्या फळीवर जागा संपली तेव्हा आईने देवघरातले देव काढून तिथे दोन लहान मूर्ती ठेवल्या.’

‘हतबल’ त्यानं आपणहून खोडलं. मी विचारलं का. म्हणाला, “बसंना.”

त्याच्या परवानगीनं वर्गात वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी रांग, सगळ्यांना प्रश्न विचारून हवेत. ३८ जणांना हे असं एकटीनं करणं शक्य नाही. दिवसाला चार जमतात, म्हणजे एक फेरी व्हायला दहा दिवस.

२ सप्टेंबर, सोमवार

तपासण्याचा हिशेब. आधी एका वहीला सहा मिनिटं धरली तर ३८ वह्यांचे पावणेचार तास जायचे आणि पानं लालभडक व्हायची. ती लाल शाई कुणी वाचत नव्हतं. आता दिवसाला दहा, आणि प्रत्येकावर एक प्रश्न, शिसपेन्सिलीनं. शुद्धलेखनाचा आठवड्याला एकच मुद्दा. गेल्या आठवड्यात ‘आणि’ पहिली, ‘पाणी’ दुसरी. या आठवड्यात अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचा अनुस्वार: ‘मुलांनी’, ‘झाडांवर’.

दोन पालक येऊन गेले. बाई तपासतच न्हाईत, चुका तशाच आहेत. त्यांना जूनची आणि आत्ताची पानं शेजारी ठेवून दाखवली. एकांना पटलं. दुसरे म्हणाले, ते ठीक आहे, पण लाल पेन वापरा. तेव्हा प्रश्न आता लाल पेनानं लिहिते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जे जमलं नाही तेही लिहायला हवं. वर्गात एक मुलगी आहे, निबंधस्पर्धेत दरवर्षी नंबर. तिचं पाठांतर जबरदस्त, अक्षर मोत्यासारखं. या पद्धतीत ती पहिल्यापासून अवघडलीय. समोर कागद ठेवला की लिहीतच नाही. आज रडली. म्हणाली, “बाई, माझ्या घरात असं काय होतच न्हाई लिहिन्यासारखं.” तिच्यासाठी मी फळ्यावर मुद्दाम काहीच न घडलेल्या दिवसाबद्दल लिहिलं, डबा धुण्याबद्दल. बाकीच्यांना आवडलं. तिनं घरी जाऊन गाईडमधला ‘माझा आवडता छंद’ उतरवून आणला, सुंदर अक्षरात. मी काही बोलले नाही. स्पर्धा डिसेंबरात आहे आणि तिथं हाच निबंध जिंकेल.

२६ सप्टेंबर, गुरुवार

जूनचाच विषय परत दिला, पूर्ण तास, काही न सांगता. शालू ६, मोर २. पण ११ जणांचं लिखाण जूनपेक्षा आखूड आहे, आणि त्यातली चार तर नुसती सुरुवात आहे. तीन-तीन वेळा खोडत बसले आणि तास संपला. खोडायचं शिकवलं, कधी थांबायचं ते नाही शिकवलं. हे दुसऱ्या सत्राचं काम.

खर्च आजपर्यंत: केबल ४५०, डिंक १००, कार्डशीट आणि मार्कर २१०. एकूण ७६० रुपये, त्यातले ४५० टाळता आले असते. लेखनाचे ठरलेले तास २८, प्रत्यक्ष झालेले १९.

पुढच्या महिन्यात सहामाही. उत्तरपत्रिकेत निबंधाला दीड पान, आणि सूचनांमध्ये ‘खाडाखोड करू नये’. पेपर तपासणारे दुसरे शिक्षक. मुलांनी विचारलं, मग कच्चं कुठं लिहायचं? ऑफिसात विचारलं, कच्च्यासाठी जादा पुरवणी मिळेल का. म्हणाले, पुरवण्या मोजून येतात. मग पर्यवेक्षकांशी बोलले, शिक्का मारलेला पाठकोरा चालेल का. ते म्हणाले, कोऱ्या बाजूला शिक्का असेल आणि पेपरबरोबर परत घेतला तर चालेल.

आज शाळा सुटल्यावर ३८ पाठकोरे निवडून, शिक्के मारून ठेवलेत.